ओहाका-काकूंची सासू

२७ मार्च. सकाळपासून काकूंच्या स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी करतेय. उद्या सामान नेणारे येतील आणि टोकियोच्या फुनाबोरीतलं हे घर बंद होईल. काकू ओसाकाला चालल्या, मुलीकडे, कायमच्या. मार्चअखेरीस सगळा जपान घर बदलतो, त्यामुळे खोकी मिळवायला दोन सुपरमार्केट पालथी घालावी लागली. काकू शेजारच्या खोलीत बसून सूचना देतायत आणि मी त्यातल्या निम्म्या ऐकतेय.

या बाईंना कोणतंही गाव दाखवा, त्यांना आधी तिथलं कबरस्तान दिसतं. गाडीतून उतरल्यावर मला चहाचं मशीन दिसतं, माझ्या नवऱ्याला वायफाय दिसतं. काकू मान वर करून डोंगराच्या उताराकडे बघतात आणि सांगतात, "तिकडे, त्या उंच झाडांच्या मागे. पायऱ्या निसरड्या असणार, बूट बदल." आणि ते तिथेच असतं. इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या मुलांनी त्यांचं नाव ठेवलं ओहाका-काकू. ओहाका म्हणजे जपानीत कबर. मुलं मराठी जेमतेम बोलतात, पण नावं ठेवण्यापुरतं येतं. काकूंना हे नाव माहीत होतं. गणपतीला एखादं पोर समोर येऊन बिचकलं की त्या स्वतःच म्हणायच्या, "ये रे, ओहाका-काकू मोदक देतेय, घे."

मोठी माणसं मुलांपेक्षा वाईट. एका नव्या लग्न झालेल्या मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुम्ही काकूंबरोबर तिकडे जाऊन आल्यावर अंघोळ करता ना?" मी म्हटलं, "मी रोजच करते." विषय संपला.

काकू मूळच्या मिरजेच्या. पिंपरीच्या एका कारखान्यात टायपिस्ट होत्या. तिथे यंत्रं बसवायला जपानहून जे इंजिनियर आले, त्यांतले एक काका. लग्नाला दोन्ही घरांतून विरोध. काकांना मी शेवटची काही वर्षं पाहिलं. त्यांचं मराठी कारखान्यात शिकलेलं, त्यामुळे शिव्या अस्खलित आणि क्रियापदं मोडकी. ते गेले तेव्हा अस्थींचं मडकं पांढऱ्या कापडात बांधून घरी आलं आणि काकूंनी ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं. तिथेच ते राहिलं, कारण काका जाताना एक काम सांगून गेले होते, "मला आईजवळ ठेव." आणि आई कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

काका पाच-सहा वर्षांचे असताना त्यांच्या आईला सासरच्यांनी माहेरी परत पाठवलं. का, ते कधी कोणी सांगितलं नाही. मुलगा घराण्याचा म्हणून ठेवून घेतला. पुढे दोनेक वर्षांत ती माहेरी गेली, म्हणजे वारली, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. नवऱ्याच्या घराच्या कबरीत तिला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. काकांना आठवत होतं ते इतकंच: आजोळी घरामागे काकीचं झाड होतं आणि ओढ्याचा आवाज यायचा. काकी म्हणजे इथलं ते केशरी, टोमॅटोसारखं दिसणारं फळ. जपानच्या डोंगरात काकीचं झाड आणि ओढा नसलेलं घर शोधणं जास्त अवघड.

मी या प्रकरणात आले ती केवळ गाडी चालवता येते म्हणून. मी एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करते, दोन मुलं वाढवली आहेत, आणि मला पूर्वजांची विशेष आवड नाही. काकूंचे गुडघे गेलेले, आणि डोंगरातल्या बस दिवसातून दोन. "पेट्रोल आणि टोल माझा, डबा माझा, बडबड करायची नाही," अशा अटींवर त्यांनी मला नेमलं. तिसरी अट त्यांनीच पहिल्या वळणाच्या आत मोडली.

सरकारी कचेरीत काम कसं करून घ्यायचं हे मी काकूंकडून शिकले. जपानमध्ये कुटुंबाची नोंद गावच्या कचेरीत असते, तिला कोसेकी म्हणतात. सासूच्या माहेरची नोंद काढायला सुनेला अडचण येते, नातीला येत नाही. म्हणून मुलीचं, मिकाचं, संमतिपत्र काकूंनी आणलेलं असायचं. पण कागदापलीकडचं काही विचारायचं झालं की त्यांची एक पद्धत होती. त्या मुद्दाम चुकीचं बोलायच्या. "हे गाव नदीच्या पलीकडे होतं ना?" असं म्हणायच्या, आणि काउंटरवरचा तो अबोल माणूस, ज्याने 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं ठरवलेलं असायचं, तो न राहवून म्हणायचा, "नाही नाही, अलीकडे. पलीकडचं वेगळं." मग नकाशा निघायचा. मग आतून एखादे वयस्कर साहेब यायचे. गाडीत बसल्यावर काकू मला म्हणाल्या, "बरोबर बोलणाऱ्याला कोणी काही सांगत नाही, वैशाली. चुकणाऱ्याला सगळं गाव सुधारतं."

कचेरीने आम्हाला गाव दिलं. नागानोच्या डोंगरातली एक वाडी, जी आता कुठल्यातरी मोठ्या नावाच्या नगरपालिकेत विरघळली आहे. आईचं नाव फुमि. माहेरचं आडनाव हायाशी. घर ओढ्याकाठचं. भाऊ नाही, पुढे वंश नाही, नोंद तिथे बंद. घराच्या जागेवर आता झाडी. कबर कुठे, हे कोसेकीत नसतं.

आणि त्या वाडीत सगळेच हायाशी. मी हताश झाले. काकू अजिबात नाही. "आमच्या आजोळी अर्धं गाव पाटील. विहिरीवरचे पाटील, वाण्याचे पाटील, भांडकुदळ पाटील. इथेही असणार." तसंच होतं. गिरणीवाले हायाशी, खालचे हायाशी, पुलापाशीचे हायाशी. पण ही नावं दगडावर लिहीत नाहीत. ती फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात असतात, आणि त्या वाडीत म्हातारेसुद्धा फारसे उरले नव्हते.

गावात शिरल्यावर काकू कोणाला काही विचारायच्या नाहीत. बादली, नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि जुना टॉवेल घेऊन सरळ कबरस्तानात जायच्या आणि शेवाळलेला एखादा दगड घासायला बसायच्या. "आधी घासायचं, मग विचारायचं." अर्ध्या तासात खालून कोणीतरी यायचंच. आपल्या गावची कबर कोण परकी बाई घासतेय, म्हणून बघायला. मग "कुठून आलात?" मग "भारत? अरे वा!" मग चहा आणि लोणचं, आणि लोणच्याबरोबर गाव. दुपारी आम्ही तिथेच पायरीवर डबा उघडायचो. थालीपीठ, दाण्याची चटणी. पहिल्यांदा मी म्हटलं, "काकू, स्मशानात जेवायचं?" त्या म्हणाल्या, "स्मशान कसलं? इथे जळतंय का काही? हे त्यांचं घर आहे. आपण पाहुणे. पाहुण्याने उपाशी बसू नये, यजमानाला बरं वाटत नाही."

असंच एका शेतकऱ्याने हात वर करून सांगितलं, "ओढ्याकाठचं घर? मग वरच्या कोपऱ्यातली ती." वरच्या कोपऱ्यात एक उभा दगड होता, वेलींनी झाकलेला. काकूंनी तो साफ केला. अक्षरं त्यांनी बोटांनी चाचपली. हायाशी घराण्याची कबर, एवढंच लागलं. पण काकूंची खात्री पटली. दोन वर्षं, वसंतात आणि शरदात, आम्ही त्या दगडाला न्हाऊ घातलं. काकू त्याच्याशी बोलायच्यासुद्धा. "सासूबाई, यंदा बर्फ फार होता म्हणे."

दुसऱ्या वसंतात गेलो तर त्या दगडावर पिवळा कागद चिकटवलेला होता. तसे कागद बऱ्याच दगडांवर होते. कबरस्तान ज्या बौद्ध देवळाचं, त्याला ते सांभाळणं झेपत नव्हतं. ज्या कबरींना वारस असेल त्याने वर्षभरात संपर्क साधावा, नाहीतर दगड काढून आतलं सगळं एका सामाईक समाधीत एकत्र केलं जाईल. काकूंनी कागद दोनदा वाचला. परतीच्या वाटेवर त्यांनी घाटात गाडी थांबवायला लावली आणि तिथूनच मिकाला फोन केला.

मिका ओसाकात एका औषधकंपनीत काम करते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर ती जपानीत देते. तिचं म्हणणं गेली कित्येक वर्षं एकच होतं, की बाबांना ओसाकाच्या अस्थी ठेवायच्या नव्या इमारतीत ठेवू या. स्टेशनपासून जवळ, पावसात भिजायला नको. दाराशी कार्ड टेकवलं की आतून पट्ट्यावरून आपल्या माणसाचं मडकं समोर येतं.

"पार्किंगमधली गाडी आहे का ती?" काकू फोनवर ओरडल्या.

"आई, तू ऐंशीची झालीस की त्या डोंगरावर कोण जाणार? मी? मला गाडीसुद्धा येत नाही."

"मग शीक."

"आणि ती आजीच आहे कशावरून? तिथे नाव तरी आहे का?"

काकूंनी फोन ठेवला. मुलगी बरोबर बोलतेय हे त्यांना कळलेलं होतं, त्यामुळे घरी पोचेपर्यंत त्या माझ्याशी भांडल्या.

त्या वर्षी शरदातलं ओहिगान, म्हणजे इथल्या लोकांचा कबरींना भेट द्यायचा आठवडा, आणि आपली सर्वपित्री अमावास्या अगदी लागून आल्या. "दोन्हीकडचे पितर एकाच वेळी जेवायला येतायत, बरंच झालं," काकू म्हणाल्या. आदल्या दिवशी त्यांनी भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी केली. केळीचं पान कुठून आणायचं? वाटेत एका स्टॉलवर मॅग्नोलियाची रुंद पानं मिळाली. कबरीसमोर पान वाढलं आणि त्या मला म्हणाल्या, "आता मागे सरक. कावळा यायला पाहिजे."

मी म्हटलं, "काकू, इथे कबरीवर काही खायचं ठेवत नाहीत. पाटी आहे ती बघा. कावळे आणि रानडुकरं येतात."

"मग बरोबर आहे. कावळ्यांसाठीच ठेवलंय."

इथले कावळे आपल्या कावळ्यांच्या दीडपट, आणि त्यांना आमंत्रण लागत नाही. एक आला. पानाला चोच लावली. काकूंनी हात जोडले. मग दुसरा आला, मग झाडावरचे सगळेच. खीर दगडावर, वडे खालच्या कबरीवर, आणि काव काव इतकी की मी डोक्यावर टॉवेल घेतला. एवढ्यात खालून एक म्हातारी वर येताना दिसली. कमरेत पूर्ण वाकलेली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात खुरपी, आणि तोंडाने अखंड.

"कोण आहे! कावळ्यांना जेवणावळ कोणी घातली? भोपळे माझे खातात! मका माझा खातात! आता रोज येतील इथे!"

तिचं घर अगदी खाली. इतक्या खेपांत तिला कधी पाहिलं नव्हतं. घासण्याने ती वर आली नव्हती, कावळ्यांनी आली.

काकूंनी नम्रपणे वाकून सांगितलं, "आजी, माफ करा. आमच्याकडे तसं शास्त्र आहे."

"तुमच्याकडचं तुमच्याकडे करा. इथले कावळे मला पोसावे लागतात." मग तिने पान बघितलं, खीर बघितली, हातातली खुरपी खाली केली. "कोणासाठी एवढं?"

"सासूसाठी."

"इथे?" म्हातारी दगडाकडे बघून हसायलाच लागली. "हे गिरणीवाले! यांच्याकडे मुलगी नव्हतीच, तीन मुलगे, तिघेही आळशी. तुमची सासू इथे कशी असेल?"

गिरणीही ओढ्याकाठीच होती. काकू बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. मला वाटलं आता चक्कर येते. पण त्या तोंडाला टॉवेल लावून हसत होत्या. "म्हणजे दोन वर्षं मी दुसऱ्याच्या सासूला न्हाऊ घातलं," त्या मराठीत मला म्हणाल्या. मग उठल्या, आणि राहिलेली अर्धी बाजू घासून पूर्ण केली. गिरणीवाल्यांचं काम अर्धवट सोडलं नाही.

मग खालच्या घरी चहा झाला. म्हातारी नव्वदीची. काकूंनी फुमि हे नाव उच्चारलं तेव्हा तिने लोणच्याचा डबा खाली ठेवला.

"फुमि-नेसान. माघारी आलेली." नेसान म्हणजे ताई. "मी तेव्हा शाळेत होते. ती पोरांचे केस कापायची. छान कापायची. पण पाच-सहा वर्षांच्याच मुलांचे. त्याहून मोठा कोणी गेला तर म्हणायची, तुझ्या आईकडे जा. माझ्या धाकट्या भावाचे तिने दोन वर्षं कापले. सात वर्षांचा झाला तशी म्हणाली, आता पुरे. तो रडला होता. आम्हाला काही कळलं नव्हतं."

 काकूंनी खिडकीबाहेर बघत चहा संपवला.

माघारी आलेल्या मुलीला घराण्याच्या दगडाखाली ठेवत नसत. तिला खालच्या पायरीवर, लहान मुलांच्या ओळीत पुरलं होतं, वर ओढ्यातला एक गोटा. त्यावर ना नाव, ना अक्षर. म्हातारी काठी टेकत आम्हाला तिथे घेऊन गेली. गवतात वीस-पंचवीस गोटे असतील. तिने काठीने एक दाखवला. मग थांबली. मग शेजारचा दाखवला.

"हा. नाहीतर हा. मध्ये एकदा दरड आली, सगळे घरंगळले. पुन्हा लावताना कोण बघतंय कुठला कुठे होता?"

मी काकूंकडे बघितलं. इतकी वर्षं, इतकी पेट्रोलची बिलं, आणि शेवटी हा किंवा हा. काकूंनी दोन्ही गोट्यांवर पाणी घातलं आणि दोन्ही पुसले. पिवळे कागद इथे नव्हते. गोट्यांवर कागद कोण चिकटवणार? ते तर जाणारच होते.

गाडी महामार्गाला लागल्यावर त्यांनी विचारलं, "वैशाली, हे सगळे गोटे त्या सामाईक समाधीत जाणार ना?"

"हो."

"हाही आणि तोही?"

"दोन्ही."

"मग झालं तर."

मला तेव्हा कळलं नाही. ज्या समाधीचा कागद वाचून या बाईने घाटात गाडी थांबवायला लावली होती, त्याच समाधीत काकांना ठेवायचं तिने ठरवलं होतं. माझ्यासारखीने एक गोटा ठरवून टाकला असता, वर पाटी लावली असती आणि मोकळी झाली असती. काकूंना अंदाजपंचे चालत नव्हतं. चुकीच्या आईजवळ ठेवण्यापेक्षा सगळ्यांजवळ ठेवलेलं बरं, कारण त्या सगळ्यांत ती नक्की होती.

देवळाच्या भिक्षूला हे पटेना. चार गावांची देवळं सांभाळणारा पन्नाशीचा माणूस, छोट्या पांढऱ्या ट्रकमधून फिरतो. म्हातारीच्या घरी बसून तो म्हणाला, "ती समाधी बेवारसांची आहे. तुमचे पती बेवारस नाहीत. तुम्ही आहात, मुलगी आहे. गावातले लोक काय म्हणतील?"

"मी आहे तोवर ठीक. मी काही कायमची नाही."

"तरी नियम..."

म्हातारी कोपऱ्यात बसून मुळा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लहानपणी माझ्या काकीच्या झाडावरून पडलास तेव्हा तुला कोणी उचलून घरी नेलं? नियमाने नेलं का? हो म्हण त्यांना."

तो हो म्हणाला. काकूंच्या मते हा सगळ्या कोसेकीपेक्षा पक्का कागद होता.

मिका मात्र हो म्हणेना. ती फुनाबोरीला आली, आणि याच स्वयंपाकघरात माझ्यासमोर मायलेकींचं जुंपलं, एकीचं मराठीत आणि एकीचं जपानीत. "एकदा मिसळलं की परत वेगळं काढता येत नाही, आई. माहीत आहे ना तुला?"

"वेगळं काढायचंय कोणाला?"

"मला! मला भेटायचं असेल तर मी कोणाला भेटायला जाऊ? माती-दगडांच्या ढिगाला?" आणि मग चक्क मराठीत, लहान मुलीसारखं मोडकं, "ते माझे पण बाबा आहेत ना?"

काकू गॅसपाशी उभ्या होत्या. त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "आहेत. पण त्यांना पाच-सहा वर्षांचे असल्यापासून एकच ठिकाण हवं होतं. तुला बाबा पन्नास वर्षं मिळाले. त्यांना आई पाचच." थोड्या वेळाने त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आणि तुझं बरंच आहे. तेवढ्या जणांना मिळून एक फूल पुरेल."

मिका हसली नाही. पण गेल्या शरदात ती आली. नागानो स्टेशनवर आम्ही तिला गाडीत घेतलं. पांढऱ्या कापडातलं मडकं मागच्या सीटवर मिकाच्या मांडीवर होतं, आणि वळणावळणावर ती त्याला दोन्ही हातांनी धरत होती.

जुन्या पुरलेल्या जागेत आता हाडं नसतात, फक्त माती. भिक्षू प्रत्येक गोट्याखालची मूठभर माती कापडात घेत होता. काकूंनी त्याला थांबवलं. त्या दोन गोट्यांची माती आधी आत घाला, म्हणाल्या, मग यांना. त्याने विचारलं, क्रमाने काही फरक पडतो का? काकू म्हणाल्या, "मूल आईच्या अंगावर झोपतं. आई मुलाच्या नाही."

त्याने तसंच केलं. मग मडकं उघडलं. थोडंसं बाजूला काढून घरी न्यायचं असेल तर आत्ताच सांगा, नंतर जमणार नाही, असं त्याने विचारलं. काकूंनी स्वतः उत्तर न देता मिकाकडे बोट केलं. मिका बराच वेळ आत बघत राहिली. मग तिने मान हलवली, नको, आणि मडकं स्वतःच्या हाताने तिरपं केलं.

म्हातारी काठीवर वाकून सगळं बघत होती. काम झाल्यावर तिने काकूंना विचारलं, "आज कावळे नाही बोलावलेत?"

"आज माफी."

त्यानंतर हिवाळ्यात काकूंनी घर आवरायला काढलं. देवघराशेजारची फळी रिकामी झाली होती, त्या मोकळ्या झाल्या होत्या, आणि मिकाने तोवर ओसाकात त्यांच्यासाठी खोली करून ठेवली होती. त्यांच्या गुडघ्यांना लिफ्टचं घर बरं. मला त्या जातायत याचं वाईट वाटतंय का, असं आज दुपारी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "डब्यांची झाकणं कुठे ठेवलीत ते सांगा आधी."

संध्याकाळी सगळी खोकी बंद झाल्यावर जमिनीवर बसून आम्ही दुकानातले ओनिगिरी, म्हणजे भाताचे तयार गोळे, खाल्ले, कारण पातेली बांधून झाली होती. काकूंनी मध्येच विचारलं, "तुमच्याकडे माघारी आलेली कोण होती ग?"

"आमच्याकडे कोणी नाही."

"असं नसतं."

"काकू, आमची वंशावळ माझ्या काकांनी छापून घेतलीय. सात पिढ्यांची. त्यात कोणी नाही."

"वंशावळीत बायका असतात का?"

मी ओनिगिरीच्या प्लास्टिकची घडी घातली. आजोबांना एक बहीण होती, हे लहानपणी कधीतरी कानावर आलं होतं. तिला कुठे दिली, ती कधी आली, कधी गेली, काही माहीत नाही. आमच्या वाईच्या घरातली माजघराच्या मागची एक खोली "तिची" होती. ती म्हणजे कोण, हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही, कारण त्या खोलीत कांदे असायचे. काकूंनी पुढे काही विचारलं नाही. ओनिगिरीचं प्लास्टिक कुठल्या कचऱ्यात, यावर आमचं भांडण झालं आणि मी घरी आले.

२८ मार्च. सकाळी सामानाचा ट्रक गेला. काकूंना टोकियो स्टेशनवर शिंकानसेनमध्ये बसवलं. गाडी सुटण्याआधी त्या खिडकीतून काहीतरी सांगत होत्या. काच बंद असल्याने ऐकू आलं नाही, पण सूचना असणार. घरी येऊन मी कुकर लावला, आणि भारतात उजाडून आत्याचा चहा झाला असेल असा अंदाज घेऊन वाईला फोन केला. आत्या पंच्याऐंशीची आहे, आजोबांची सगळ्यात धाकटी मुलगी.

"आत्या, आजोबांची बहीण होती ना एक? मागच्या खोलीतली. तिचं नाव काय होतं?"

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुला कोणी सांगितलं तिच्याबद्दल?"

"कोणी नाही. मीच विचारतेय."

"आत्ता वेळ आहे का तुला? की कामाला निघालीयस?"

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढून घेतली आणि म्हटलं, "आहे वेळ. सांग."